मंडळीचे पुढारी कसे तयार होतात?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १८:१–४, १८–२८, मार्क ६:७–१३, ३०–३२, १ तीमथ्य ३:१–१३.
पाठ करण्याचें वचन : नीतिसूत्रें २७:१७.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांविषयीं बोलणें निघालें कीं एक तक्रार हटकून ऐकूं येते. ती ही कीं, मंडळींत पुढारी नाहींत. पाळक एक आणि गांवें चार-पांच. ज्या रविवारीं पाळक येत नाहींत त्या रविवारीं उपासना चालविण्यास कोणी धजत नाहीं. शब्बाथशाळा पावसाळ्यांत बंद पडते ती पुन्हा सुरू होत नाहीं. एखादे वृद्ध वडील प्रभूकडे गेले म्हणजे त्यांची जागा कित्येक वर्षें रिकामी राहते. मग आपण प्रार्थना करितों कीं, हे प्रभो, आम्हांला पुढारी दे. ही प्रार्थना योग्यच आहे. परंतु प्रभु पुढारी कसे देतो हें ज्यानें शास्त्रांत नीट पाहिलें असेल त्याला कळून येईल कीं, तो ते तयार करून आकाशांतून खालीं सोडीत नाहीं. तो एका माणसाच्या हातीं दुसरें माणूस सोंपवितो.

आजच्या पाठांत तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत. काम देऊन शिकविणें ही पहिली, पारख करणें ही दुसरी, आणि केलेल्या कामाविषयीं खरें तें प्रेमानें सांगणें ही तिसरी. ह्यांपैकीं तिसरी गोष्ट आपल्या मंडळ्यांत सर्वांत कमी आढळते, म्हणून तिच्यापाशीं आम्ही अधिक वेळ थांबणार आहों.

१. काम देऊन शिकविणें

प्रभु येशूनें बारा शिष्य निवडले त्याचे मार्कानें दोन मुख्य हेतु सांगितले आहेत (मार्क ३:१४). त्यांनीं आपल्याबरोबर असावें हा पहिला, आणि त्यांस उपदेश करण्यास पाठवावें हा दुसरा. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रोग्याशीं तो कसा बोलतो, विरोध करणाऱ्याला काय उत्तर देतो, पहांटे उठून प्रार्थनेला कोठें जातो, हें सर्व शिष्यांनीं जवळ राहून पाहिलें. मग सहाव्या अध्यायांत त्यानें त्यांस दोघे दोघे असे पाठविलें. पाठवितांना सूचना मोघम दिल्या नाहींत. वाटेसाठीं काय घ्यावें, काय घेऊं नये, गांवांत उतरल्यावर कोठें राहावें, लोकांनीं ऐकलें नाहीं तर काय करावें, हें नीट सांगून दिलें. पुढें ते परत आले तेव्हां आपण जें केलें व जें शिकविलें तें सर्व त्यांनीं त्याला सांगितलें, आणि त्यानें त्यांस विसाव्यासाठीं एकांत स्थळीं नेलें (६:३०–३२). जाणें, करणें, परत येऊन सांगणें आणि गुरूजवळ विसावणें, हा सारा मिळून एकच धडा आहे.

नवव्या अध्यायांत शिष्यांना एका मुलाला बरें करितां आलें नाहीं. लोकांच्या देखत त्यांची फजिती झाली. घरांत गेल्यावर त्यांनीं प्रभूला एकांतीं आपल्या अपयशाचें कारण विचारलें, आणि तें त्यानें त्यांस सांगितलें (९:२८–२९). लूकाच्या दहाव्या अध्यायांत ह्याच्या उलट गोष्ट आहे. तेथें पाठविलेले सत्तर जण यश मिळवून हर्षानें परत आले. प्रभूनें त्यांचा हर्ष मोडला नाहीं, परंतु आपल्या हातून घडलेल्या पराक्रमापेक्षां देवाजवळ आपलीं नांवें लिहिलेलीं आहेत ह्यांत आनंद मानावा, असें शिकवून त्या हर्षाचा पाया बदलला (१०:१७–२०). अपयशाची तशी यशाचीहि विचारपूस त्याच्यापाशीं होत असे.

शेतकऱ्याला हें समजावून सांगावयास नको. नवा खोंड जुंपावयाचा म्हणजे तो जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपतात. पहिल्याच दिवशीं त्याच्याकडून पाभर ओढवीत नाहींत, कारण तास वांकडे जातात आणि पेरा बिघडतो. त्याला थोडें थोडें चालवून, संध्याकाळीं मान घासली कीं काय हें हात फिरवून पाहून, मग कामाचा भार वाढवितात. खोंडाला आपण इतकें जपतों, आणि मंडळींतील तरुणाला मात्र एकदम उपासनेला उभें करून, आपण मागें बसून, तास किती वांकडे गेले तें मोजीत राहतों!

२. पारख करणें

पारख म्हणजे दोष हुडकणें नव्हे. सोनार सोनें कसोटीला लावितो तें सोन्याचा अपमान करण्यासाठीं नव्हे, तर त्याचा कस कळावा म्हणून. पौलानें तीमथ्याला बरोबर घेतलें त्यापूर्वीं लुस्त्र व इकुन्या येथील बंधूंनीं त्याच्याविषयीं चांगली साक्ष दिलेली होती (प्रे. कृ. १६:१–३). त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायीं असलेला विश्वास त्याच्या ठायीं दिसत होता. पुढें त्याला पौलानें थेस्सलनीकेच्या मंडळीकडे पाठविलें, आणि परत आल्यावर त्यानें आणलेलें वर्तमान ऐकून घेतलें (१ थेस्स. ३:१–६). मग करिंथ येथील भांडकुदळ मंडळीकडे त्याला पाठविण्याचा प्रसंग आला. तेव्हां त्याला तेथें भय वाटूं नये व कोणी त्याला हलका लेखूं नये, अशी काळजी घेण्यास पौलानें त्या मंडळीसच लिहिलें (१ करिंथ १६:१०–११). तरुणाला कठीण काम दिलें कीं त्याच्या पाठीशीं उभें राहणें हें देणाऱ्याचें कर्तव्य होय.

ह्याच तीमथ्याला पौल पुढें लिहितो कीं, सेवकांची आधीं पारख व्हावी, मग त्यांनीं सेवा करावी (१ तीम. ३:१०), आणि कोणावर हात ठेवण्याची घाई करूं नये (५:२२). त्या तिसऱ्या अध्यायांत अध्यक्षाचे गुण मोजून पाहावे. शिकविण्यास योग्य असणें हा त्यांत एक गुण आहे, बाकीचे बहुतेक सर्व वर्तनाचे आहेत. तो मद्यपी नसावा, मारकुटा नसावा, पैशाचा लोभी नसावा, त्याचें घर सुरळीत चाललेलें असावें, आणि बाहेरच्या लोकांतहि त्याचें नांव चांगलें असावें. इथ्रोनें मोशेला माणसें निवडण्यास सांगितलें तेव्हांहि कर्तबगारीबरोबर देवाचें भय, सत्याची प्रीति आणि लांचेचा तिटकारा ह्या गोष्टी पाहावयास सांगितल्या (निर्गम १८:२१). आपण मात्र पुष्कळदां कोणाचें घर मोठें, कोणाचे भाऊबंद अधिक आणि कोणाचा आवाज खणखणीत हें पाहून माणूस निवडतों. मग पुढें वर्गणीचा हिशेब मिळेनासा झाला म्हणजे कपाळावर हात मारितों.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तीमथ्यानें अशा रीतीनें झटावें कीं त्याची प्रगति सर्वांस दिसून यावी, असें पौल म्हणतो (१ तीम. ४:१५). ज्याची प्रगति दिसावयाची आहे तो आज अपुरा आहे हें उघडच आहे. म्हणून पारख एकदां करून भागत नाहीं. ती चालू ठेवावी लागते, आणि तिचा निकाल ज्याचा त्याला कळवावा लागतो. हा निकाल कळवावा कसा, हेंच आजच्या पाठाचें हृदय होय.

३. खरें तें सांगणें

अक्विला व प्रिस्किल्ला हें यहूदी जोडपें राहुट्या करण्याचा धंदा करीत असे. क्लौद्य कैसरानें यहूदी लोकांस रोम सोडण्याचा हुकूम केला म्हणून तीं करिंथास आलीं. तोच धंदा पौलाचाहि होता, म्हणून तो त्यांच्या घरीं राहिला व बरोबर काम करूं लागला. करिंथ येथें त्यानें दीड वर्ष काढलें. त्या मुदतींत गल्लियो हा तेथें सुभेदार होता असें लूक सांगतो, आणि डेल्फी येथें सांपडलेल्या शिलालेखावरून हा काळ इ. स. ५१ च्या सुमाराचा ठरतो. अशा प्रकारें ह्या नवराबायकोंचें शिक्षण कातडें किंवा जाड कापड शिवतां शिवतां, प्रेषिताच्या शेजारीं बसून झालें. मग पौल त्यांस इफिस येथें ठेवून पुढें गेला.

तेथें अपुल्लो आला. तो आलेक्सांद्रिया शहराचा, आणि तें शहर त्या काळीं विद्येचें माहेरघर. अपुल्लो मोठा वक्ता, शास्त्रांत पारंगत, आणि मनानें आवेशी होता. येशूविषयीं तो जें शिकवी तें बरोबर शिकवी, परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. तो सभास्थानांत बोलत असतां ह्या दोघांनीं तें ऐकलें, त्याला आपल्याजवळ घेतलें, आणि देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला. लूकानें हें एका वचनांत आटोपलें आहे (१८:२६), परंतु त्या एका वचनांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, त्यांनीं आधीं ऐकलें. लोकांच्या सांगण्यावरून मत बनविलें नाहीं, स्वतः सभास्थानांत बसून ऐकलें. दुसरी, त्यांनीं त्याला सभेंत अडविलें नाहीं. चूक खरी होती, तरी लोकांसमोर उठून त्यांनीं ती दाखविली नाहीं. तिसरी, त्यांनीं नेमकी उणीव ओळखली. तुझें भाषण आम्हांस आवडलें नाहीं, असलें मोघम बोलणें माणसाला दुखवितें पण सुधारीत नाहीं. अपुल्लोची एक बाजू पक्की होती आणि एक अपुरी होती. जी अपुरी होती तेवढीच त्यांनीं भरून काढली. चौथी, त्यांनीं त्याचें काम काढून घेतलें नाहीं. तो अखयास जाऊं इच्छीत होता, तेव्हां बंधूंनीं त्याला उत्तेजन दिलें व तेथील शिष्यांस पत्र लिहिलें. जो काल शिकत होता त्याच्यासाठीं आज पुढचें दार उघडलें.

आणखी हें पाहा कीं, सांगणारीं माणसें कोण आणि ऐकणारा कोण. राहुट्या शिवणारीं हीं दोघें आलेक्सांद्रियाच्या पंडिताला शिकवितात, आणि तो ऐकतो. त्या शिकविणारांत एक स्त्री आहे. नव्या करारांत ह्या जोडप्याचीं नांवें सहा ठिकाणीं आलीं आहेत, आणि प्राचीन हस्तलिखितांप्रमाणें त्यांपैकीं चार ठिकाणीं प्रिस्किल्लेचें नांव पतीच्या अगोदर आहे. आपल्या मंडळींत अनुभवी बहिणी मागच्या बाजूला गप्प बसतात आणि त्यांचें मत कोणी विचारीत नाहीं, त्या मंडळीनें हें वचन पुन्हा वाचावें. पदवी घेतलेल्या तरुणानेंहि वाचावें. अपुल्लोची विद्या त्यांच्यापेक्षां अधिक होती, तरी त्यांच्याकडून शिकण्याची त्याला लाज वाटली नाहीं.

आतां आपल्याकडे काय घडतें तें पाहूं. एका खेड्यांत आमच्या पाहण्यांत आलेली गोष्ट आहे. पाळक दुसऱ्या गांवीं गेले असतां एका तरुणानें उपासना चालविली. शास्त्रपाठ त्यानें इतक्या हळू आवाजांत वाचला कीं मागच्या लोकांस ऐकूं गेला नाहीं, आणि प्रार्थना फार लांबली. उपासना झाल्यावर सर्वांनीं त्याला सलाम केला आणि घरीं गेले. त्याला कोणी एक शब्द बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर आणि पारावर त्याच्या प्रार्थनेची नक्कल होऊं लागली. बुधवारपर्यंत ती त्याच्या आईच्या कानीं गेली. त्यानंतर त्या तरुणानें उपासनेला उभें राहण्याचें नांव काढलें नाहीं, आणि पुढें पुढें तो उपासनेलाच येईनासा झाला. मंडळी म्हणाली, आजकालच्या मुलांना आवड नाहीं. वाचकहो, आवड नव्हती असें नाहीं. जरा मोठ्यानें वाच आणि प्रार्थना थोडकी कर, एवढीं दोन वाक्यें त्याला वेळेवर प्रेमानें सांगणारें एक माणूस त्या गांवांत निघालें नाहीं. दोन वाक्यांच्या अभावीं मंडळीनें एक पुढारी गमावला.

तोंडावर गप्प राहणें आणि पाठीमागें बोलणें ही आपली जुनी खोड आहे. आपण तिला भीड म्हणतों, कोणी तिला सभ्यपणाहि म्हणतात. शास्त्र तिला तसें म्हणत नाहीं. मित्रानें केलेली जखम विश्वासाची असते, असा नीतिसूत्रांचा बोध आहे (२७:६).

कोणी म्हणेल, सांगितलें तर राग येतो, माणूस तुटतो, मंडळींत दोन तट पडतात. हें भय खोटें नाहीं. परंतु बहुधा राग येतो तो सांगण्याच्या रीतीमुळें आणि सांगणाऱ्याच्या नात्यामुळें. १९१० सालीं एडिनबरो येथें जागतिक मिशनरी परिषद भरली, तेव्हां तिनेवेल्लीकडील व्ही. एस. अझरिया ह्यांनीं परदेशी मिशनरी व देशी कामकरी ह्यांच्यांतील दुराव्याविषयीं उघडपणें भाषण केलें. मिशनऱ्यांनीं केलेले कष्ट व त्याग त्यांनीं कृतज्ञतेनें कबूल केले, आणि ह्याउपर आम्हांस मित्र हवेत अशी मागणी केली. हेच अझरिया २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्ता येथें दोर्नाकलचे बिशप म्हणून अभिषिक्त झाले, आणि अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप होत. त्यांच्या भाषणानें कित्येकांस राग आला, तरी त्यांनीं मागितलेली गोष्ट आजच्या पाठाला अगदीं लागू पडते. धनी नोकराचे दोष काढतो तेव्हां नोकर मान खालीं घालतो आणि मनाचें दार लावून घेतो. मित्र तेंच बोलतो तेव्हां दार उघडें राहतें. म्हणून ज्याच्या घरीं आपण कधीं गेलों नाहीं, ज्याच्या आजारांत आपण विचारपूस केली नाहीं, त्याचें वाचन सुधारण्यास एकदम धांवूं नये. आधीं त्याचें घर गांठावें.

येथें एक भेद मात्र राखला पाहिजे. कामांतील उणीव ही एक गोष्ट, आणि पाप ही दुसरी. मंडळीच्या पैशाची अफरातफर किंवा दुराचार ह्यांना केवळ शिकण्यांतील चुका समजूं नये. त्यांच्यासाठीं मत्तय १८:१५–१७ चा नियम आहे, आणि तोहि एकांतांतील भेटीपासूनच सुरू होतो. तसेंच वडिलावर कोणी आरोप आणला तर दोन किंवा तीन साक्षींवांचून तो घेऊं नये (१ तीम. ५:१९). निंदकाला आजच्या पाठाची ढाल मिळूं नये, म्हणून हें सांगून ठेवितों.

४. मंडळीनें काय करावें

ज्या गोष्टी लहानांतल्या लहान मंडळीलाहि करितां येतील त्याच येथें देतों.

पहिली. प्रत्येक वडिलांनीं एक तरुण आणि प्रत्येक अनुभवी बहिणीनें एक तरुणी, अशी सहा महिन्यांसाठीं आपल्या जोडीला घ्यावी. आजाऱ्याला भेटावयास, शब्बाथशाळेला, घरोघरच्या प्रार्थनेला त्यांस बरोबर न्यावें. आरंभीं त्यांनीं केवळ पाहावें. मग गीत सांगावें, मग शास्त्रपाठ वाचावा, मग प्रार्थना करावी, आणि शेवटीं उपदेश करावा.

दुसरी. काम झाल्यावर दोन दिवसांच्या आंत घरीं बसून त्याविषयीं बोलावें. आधीं करणाऱ्यालाच तीन प्रश्न विचारावे. काय चांगलें झालें असें तुला वाटतें? कोठें अडलें? पुढच्या खेपेस कोणती एक गोष्ट निराळी करशील? बहुतेकांस आपली चूक आपणच कळलेली असते, ती दुसऱ्यानें सांगण्याची गरज पडत नाहीं. मग ऐकणाऱ्यानें एक चांगली गोष्ट नांव घेऊन सांगावी, आणि सुधारण्याची एकच गोष्ट सांगावी. पांच सांगितल्या तर एकहि लक्षांत राहत नाहीं. शेवटीं दोघांनीं एकमेकांसाठीं प्रार्थना करावी.

तिसरी. पाळक गांवीं येतील तेव्हां त्यांनीं हजेरी व वर्गणी पाहून परत फिरूं नये. उपासनेच्या आधीं एक तास काम करणाऱ्यांबरोबर बसावें व मागील वेळीं ठरलेल्या गोष्टीचें काय झालें तें विचारावें. ज्या गोष्टीची पुन्हा चौकशी होत नाहीं ती गोष्ट लोक विसरतात.

चौथी. काम करणाऱ्याच्या पाठीमागें कोणी त्याचा दोष काढूं लागला तर त्याला शांतपणें एवढेंच विचारावें कीं, हें तुम्हीं त्याला सांगितलें काय? हा प्रश्न वरचेवर विचारला गेला तर पारावरचें पुष्कळ बोलणें आपोआप थांबेल.

पांचवी, आणि ही सर्वांत कठीण. जे शिकवितात त्यांनीं स्वतःविषयींहि विचारावें. पाळकांनीं आपल्या वडिलांस विचारावें कीं, माझा उपदेश तुम्हांस समजतो काय? कोठें लांबतो? मोशेसारख्या पुढाऱ्यानें आपल्या सासऱ्याचें ऐकलें व त्याप्रमाणें केलें. पाळक ऐकून घेतात असें मंडळीला दिसलें म्हणजे तरुणांसहि ऐकून घेणें जड जाणार नाहीं.

शेवटीं २ तीमथ्य २:२ काढून पाहावें. त्या एका वचनांत चार पिढ्या आहेत. पौल, तीमथ्य, तीमथ्यानें शिकवावयाचीं विश्वासू माणसें, आणि त्या माणसांनीं शिकवावयाचे दुसरे. ही सांखळी प्रत्येक गांवांत आपल्यापर्यंत येऊन पोंहोंचली आहे. कोणीं तरी आपला हात धरून आपल्याला पहिली प्रार्थना करावयास शिकविलें, म्हणून आपण आज मंडळींत उभे आहों. करिंथास जाऊन अपुल्लोनें विश्वासणाऱ्यांस फार साह्य केलें. पौलानें लावलें आणि अपुल्लोनें पाणी घातलें, अशी त्याची गणना प्रेषिताच्या शेजारीं झाली (१ करिंथ ३:६). त्या पाण्याचा एक झरा इफिस येथील त्या साध्या घरांत होता, जेथें दोन माणसांनीं एका पाहुण्याला जवळ बसवून खरें तें सांगितलें. वाढविणारा देवच आहे. परंतु असें एक घर आपल्या गांवांत असावें, हें आपल्या हातीं आहे.

विचारण्याचे प्रश्न

१. प्रभूनें बारा शिष्यांस पाठविण्यापूर्वीं आणि ते परत आल्यावर काय काय केलें?
२. १ तीमथ्य ३:१–१३ मधील कोणता गुण आपल्या मंडळींत माणूस निवडतांना बहुधा पाहिला जात नाहीं?
३. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांनीं अपुल्लोला सभास्थानांतच कां अडविलें नसावें?
४. गेल्या महिन्यांत आपल्या मंडळींत ज्यांनीं काम केलें त्यांपैकीं कोणाला आपण चांगलें काय झालें हें तोंडावर सांगितलें?
५. पुढच्या सहा महिन्यांसाठीं आपण कोणाला जोडीला घेणार? त्याचें किंवा तिचें नांव आजच्या प्रार्थनेंत घ्यावें.